गोव्याच्या हवेत खाऱ्या पाण्याची पहिली टाकी: दीड वर्ष वापरलेल्या उपकरणांचे परीक्षण

फोंड्यातल्या आमच्या घराच्या बैठकीत गेल्या दीड वर्षापासून ६० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटरची काचेची टाकी आहे. तिच्यात दोन क्लाउनफिश, एक गोबी मासा, सातआठ गोगलगायी आणि मऊ प्रवाळांच्या काही वसाहती सध्या तरी सुखाने नांदत आहेत. टाकी उभी करण्यापूर्वी मी चार महिने उपकरणांच्या याद्या वाचण्यात घालवले आणि त्या बहुतेक याद्या थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेल्या होत्या, हे माझ्या लक्षात पहिला मे महिना आल्यावर आले. त्या याद्यांत हीटर पहिल्या पाचांत असतो, पाणी थंड करणारा चिलर ‘ऐपत असल्यास’ या सदरात असतो, नळाला दाब असतोच असे गृहीत असते आणि वीज जाते ही शक्यता तळटीपेत येते. गोव्यात हा सगळा क्रम उलटा लावावा लागतो. खाली जे लिहिले आहे ते मी स्वतःच्या पैशाने घेतलेल्या, वापरलेल्या आणि काही वेळा फेकून दिलेल्या वस्तूंविषयी आहे.

उपकरणांआधी टाकीत काय ठेवायचे ते ठरवावे लागते आणि आपल्याकडे ते ठरवताना कायदा पाहावा लागतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सांगाडा बांधणारे सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे येतात. समुद्री घोड्यांनाही तेच संरक्षण आहे. किनाऱ्यावर वाहून आलेला मृत प्रवाळाचा तुकडा उचलून टाकीत ठेवणे हेही त्यातून सुटत नाही. मी ज्या दुकानातून सुरुवातीची खरेदी केली, तिथल्या विक्रेत्याने दगडी प्रवाळाचे छोटे तुकडे ‘बिलावर दुसरे काही लिहून’ देण्याची तयारी दाखवली होती. मी ते घेतले नाहीत आणि त्या दुकानातून पुढे फारसे काही घेतलेही नाही. माझ्या टाकीत झोअँथिड, मशरूम आणि लेदर या जातींचे मऊ प्रवाळ आहेत आणि तेही बिलासह घेतलेले आहेत. खडक भाजक्या मातीच्या सच्छिद्र ठोकळ्यांचा रचला आहे. क्लाउनफिश घेताना ते उबवणी केंद्रात वाढवलेले आहेत का, हे अवश्य विचारावे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्या देशातच त्यांचे प्रजनन यशस्वी केलेले असल्यामुळे समुद्रातून पकडलेली जोडी घेण्याचे कारण उरलेले नाही.

या निवडीचा परिणाम थेट खरेदीवर होतो. दगडी प्रवाळ नसतील तर अतिप्रखर दिवा लागत नाही आणि कॅल्शियम, कार्बोनेट व मॅग्नेशियम रोज थेंबाथेंबाने घालणारा डोसिंग पंपही लागत नाही, कारण मऊ प्रवाळांची ही गरज थोडी असते आणि आठवड्याला दहा टक्के पाणी बदलले की ती भागते. वाचलेला सगळा पैसा पाणी थंड ठेवणे, पाणी शुद्ध करणे आणि वीज गेल्यावर पाणी हलते ठेवणे या तीन गोष्टींकडे वळवता येतो. पहिल्यांदा टाकी लावणारे बहुतेक लोक नेमके याच तीन गोष्टींत काटकसर करतात आणि दिव्यावर खर्च करतात, कारण दिव्याची निळी झळाळी दुकानात दिसते आणि चिलर दुकानाच्या मागच्या खोलीत घरघरत असतो.

दिव्याविषयी म्हणूनच थोडक्यात सांगतो. मी नव्वद वॅटचा, निळ्या आणि पांढऱ्या रंगांचे प्रमाण वेगवेगळे बदलता येणारा एलईडी दिवा घेतला. मऊ प्रवाळांना पुरणारा प्रकाश पार या मापात (वनस्पतींना अन्न तयार करायला उपयोगी पडणारा प्रकाश मोजणाऱ्या) साधारण ५० ते १०० च्या दरम्यान असतो, आणि माझा दिवा एवढा प्रकाश चाळीस टक्क्यांवरच देतो. पहिल्या महिन्यात उत्साहाने तो ऐंशी टक्क्यांवर ठेवला, तेव्हा मशरूम आक्रसून बटणाएवढे झाले आणि काचेवर हिरवे शेवाळ मात्र दृष्ट लागावी असे माजले. आज पुन्हा घ्यायचा झाला तर मी निम्म्या ताकदीचा दिवा घेईन, फक्त त्याची शीतलन जाळी उघडी नसावी एवढे पाहीन, कारण टाकीतून उडणारे खारे तुषार आणि आपली दमट हवा मिळून आतला पंखा लवकर खातात. माझ्या दिव्याचा पंखा अकराव्या महिन्यात कुरकुरू लागला आणि विक्रेत्याने खारे तुषार हमीत बसत नाहीत असे कळवले. खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठीच विकलेल्या दिव्याला खारे पाणी वर्ज्य असावे, हे मला अजून पटलेले नाही.

आता चिलरकडे येतो. सुरुवातीला मीही इतरांसारखा पंख्यांवर भागवायला गेलो आणि त्यामागचा हिशेब कागदावर फार आकर्षक दिसत होता. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे २,४०० किलोजूल उष्णता घेऊन जाते. माझ्या टाकीत आणि खालच्या संपमध्ये, म्हणजे कपाटातल्या दुसऱ्या छोट्या टाकीत, मिळून १३० लिटर पाणी आहे. तेवढे पाणी एक अंशाने थंड करायला साधारण ५२० किलोजूल काढून घ्यावे लागतात. म्हणजे बाहेरून उष्णता आत आली नाही, तर एक लिटर पाणी उडाल्याने सगळी टाकी चार अंशांहून अधिक थंड व्हायला हवी. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात हा हिशेब बऱ्याच अंशी जुळेलही. पण पाणी किती उडणार हे हवा ते किती सामावून घेते यावर ठरते. आमच्याकडे मे महिन्यात दोरीवरचा पंचा संध्याकाळपर्यंत दमट राहतो, ती हवा टाकीवरून कितीही वेगाने फिरवली तरी तिच्यात पाणी घ्यायला फारशी जागा नसते. खोलीत ३३ अंश असताना पंप आणि दिव्याच्या उष्णतेसह माझे पाणी ३१.५ वर जात होते आणि दोन पंखे रात्रंदिवस चालवून ते जेमतेम ३० वर आले. शिवाय पंखे संगणकाच्या डब्यातले साधे होते. चार महिन्यांत त्यांच्या बेअरिंगवर तांबूस पीठ जमले आणि एक रात्री बंद पडला तो कायमचा.

तीस अंश हा आकडा भीतिदायक का आहे, ते सांगायला हवे. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रवाळाचे बहुतेक अन्न तेच तयार करते. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा अंशभरच वर जाऊन आठवडेच्या आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. यालाच विरंजन म्हणतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी चौथे जागतिक विरंजन सुरू असल्याचे जाहीर केले होते. आपल्या गोव्याच्या ग्रांदी बेटाभोवतीचे प्रवाळ आपल्याच पाण्याला सरावलेले आहेत, टाकीतले तसे असतीलच असे नाही. दुसरे असे की गरम आणि खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. गोड्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास, आणि तापमान चढत गेले की तोही उतरतो. मासे आधी श्वास वाढवतात, प्रवाळ नंतर रंग सोडतात.

मी घेतलेला चिलर एक दशांश अश्वशक्तीचा, कंप्रेसरवर चालणारा आहे. त्या आधी अर्ध्याहून कमी किमतीचा, कंप्रेसर नसलेला, विद्युत-पट्टीने थंड करणारा एक छोटा चिलर मी महिनाभर वापरून पाहिला. तो वीस-पंचवीस लिटरच्या टाकीला कदाचित पुरेल, पण १३० लिटरला त्याने दिवसभर धापा टाकून अर्धा अंशही खाली आणला नाही. कंप्रेसरचा चिलर घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, पाण्याला लागणारी आतली नळी टायटॅनियमची असावी. तांबे प्रवाळ आणि गोगलगायींना विषारी आहे आणि खारे पाणी तांबे सोडवत राहते. दुसरी, त्यातून ताशी किती पाणी गेले पाहिजे हे पत्रिकेत दिलेले असते, तेवढा पंप वेगळा घ्यावा लागतो आणि तो खर्च विक्रेता सहसा सांगत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: चिलर थंडी निर्माण करत नाही, पाण्यातली उष्णता काढून खोलीत टाकतो. मी तो पहिल्यांदा टाकीखालच्या कपाटातच ठेवला होता. कपाट बंद, आत गरम हवा, त्याच गरम हवेने संप तापतो आणि तो थंड करायला चिलर पुन्हा चालतो, असे ते स्वतःचीच शेपूट पकडणारे यंत्र झाले. मग चिऱ्याच्या भिंतीत दोन भोके पाडून, रबरी नळ्या बाहेर वसरीवर नेऊन चिलर तिथे छपराखाली ठेवला. त्याच दिवसापासून त्याचा चालण्याचा वेळ तिसऱ्या हिश्शाने घटला.

विजेचा खर्च मी प्लगमध्ये लावायच्या मीटरने मोजला. चालू असताना तो सुमारे १७० वॅट घेतो. मे महिन्यात दिवसाला अकराबारा तास चालतो म्हणजे दोन युनिट होतात, आणि जानेवारीत तो बंदच असल्यासारखा असतो. तापमान मी हिवाळ्यात २६ वर आणि एप्रिलपासून हळूहळू २७ वर ठेवतो. एका आकड्याला चिकटून राहण्यापेक्षा दिवसातला चढउतार अर्ध्या अंशाच्या आत राहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते आणि त्या एका अंशाने कंप्रेसरचे कितीतरी तास वाचतात. दर पंधरवड्याला मागची जाळी ब्रशने साफ करावी लागते, अन्यथा पावसाळ्यात धूळ आणि ओलसरपणा मिळून तिच्यावर गोधडीसारखा थर बसतो. आवाज आहे, पण वसरीवर असल्याने चालतो. बैठकीत असता तर घरातल्यांनी मला वसरीवर काढले असते. या संपूर्ण खरेदीत मी कोणत्याही एका वस्तूला पूर्ण गुण देणार असेन, तर ती हीच आहे. किंमत मात्र टाकी, संप आणि लाकडी कपाट यांच्या एकूण किमतीपेक्षा जास्त होती, हे आधीच सांगून ठेवतो.

पाण्याविषयी शेजारच्या काकांनी पहिल्याच आठवड्यात विचारले होते, “अरे, समुद्र तासाभरावर असताना तू समुद्र विकत आणतोस?” प्रश्न वाजवी आहे. मी जुलैमध्ये मिरामारला एक बाटली भरून आणली आणि क्षारता मोजली तर ती हजारी २० च्याही खाली होती, जेव्हा खुल्या समुद्राचे पाणी ३५ च्या आसपास असते. मांडवी आणि जुवारी पावसाळ्यात गोडे पाणी आणि गाळ एवढा आणून ओततात की किनाऱ्यालगतचे पाणी महिनोन्‌महिने समुद्राचे राहत नाही. होड्यांचे तेल आणि गटारे यांचा विचार वेगळाच. काकांचा पुढचा प्रश्न अधिक अवघड होता: मग आगरवाड्याच्या मिठागरातले मीठ का नको? त्याचे उत्तर मीठ तयार होण्याच्या क्रमात आहे. खाजणातले पाणी उन्हात आटत जाते तेव्हा आधी चुना आणि जिप्सम, म्हणजे कॅल्शियमची संयुगे, तळाशी बसतात. मग सोडियम क्लोराइड, म्हणजे आपले मीठ, दाणा धरते. आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्यात राहून जाते. आगरकरी जे मीठ ओढून ढीग करतो ते बांगड्याला उत्तम, पण ते पुन्हा पाण्यात विरघळवले तर समुद्र परत मिळत नाही. प्रवाळाला लागणारे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वाटेतच गळालेले असते.

म्हणून मत्स्यालयाचे तयार मीठच घ्यावे लागते. लिटरला साधारण ३७ ग्रॅम या हिशेबाने पहिली टाकी भरायला पाच किलोला थोडे कमी आणि नंतर आठवड्याला अर्धा किलो लागते, म्हणजे वर्षाला पंचवीस किलो. मी इन्स्टंट ओशन आणि रेड सी ही दोन्ही वापरली. रेड सीच्या दोन प्रकारांत गोंधळ होतो: निळ्या बादलीतल्या साध्या मिठाची अल्कता, म्हणजे कार्बोनेटचे प्रमाण, आठ डीकेएचच्या (हे तिचे एकक) आसपास असते, तर कोरल प्रो नावाच्या मिठाची बाराच्या आसपास. ‘प्रो’ हा शब्द वाचून महागडे मीठ उचलण्याची गरज नाही. मऊ प्रवाळांना साधेच सोयीचे. मिठाची निवड मात्र जितकी महत्त्वाची, तितकीच आपल्याकडे त्याची साठवण. माझी पहिली पिशवी मी जूनमध्ये उघडली आणि कपड्याचा चिमटा लावून ठेवली. चवथ येईपर्यंत तिची गुळाची ढेप झाली होती. बत्त्याने फोडून पाण्यात टाकली तर पाणी दुधाळ झाले, निवळायला दोन दिवस लागले आणि अल्कता पाचावर आली, कारण ओल लागली की कॅल्शियम आणि कार्बोनेट पिशवीतच एकमेकांना धरतात आणि मग विरघळत नाहीत. आता मी नवी पिशवी ज्या दिवशी उघडतो त्याच दिवशी अर्ध्या-अर्ध्या किलोचे भाग करून झाकण घट्ट बसणाऱ्या बरण्यांत भरून ठेवतो.

मीठ ज्या पाण्यात घालायचे ते शून्य टीडीएसचे, म्हणजे काहीच विरघळलेले नसलेले हवे. आमच्या नळाला ओपा प्रकल्पाचे पाणी येते आणि मीटरवर ते ५० ते ७० दाखवते, म्हणजे पिण्याला गोडच. पण क्लोरिन, सिलिका आणि फॉस्फेट टाकीत नको असतात. घरात आरओ आहे म्हणून तेच पाणी वापरणाऱ्यांनी एकदा मीटर लावून पाहावे. घरगुती यंत्रात चव यावी म्हणून थोडे कच्चे पाणी मिसळणारी कळ किंवा खनिजे घालणारा डबा असतो आणि बाहेर येणारे पाणी पुन्हा तीस-चाळीसवर गेलेले असते. परदेशी याद्यांतले आरओडीआय संच, म्हणजे आरओनंतर रेझिननेही पाणी शुद्ध करणारे संच, आपल्याकडे आणखी एका कारणाने फसतात. त्या पडद्याला ५० ते ६० पीएसआय दाब लागतो. गच्चीवरची टाकी सहा मीटर उंचीवर असेल तर दाब नऊ पीएसआयच्या आतच मिळतो. माझ्या मित्राने आणलेल्या परदेशी संचातून पेलाभर पाणी यायला सकाळ जायची. मी उलट मार्ग धरला: स्थानिक दुरुस्तीवाल्याकडून बूस्टर पंप असलेले साधे, जोडणी केलेले आरओ घेतले, त्यातली मिसळण्याची कळ आणि खनिजांचा डबा काढायला लावला आणि शेवटी रंग बदलणाऱ्या रेझिनची एक नळी जोडली. आरओनंतर मीटर ४, रेझिननंतर ०. सबंध जोडणी परदेशी संचाच्या निम्म्याहून कमी खर्चात झाली. वाया जाणारे पाणी माडांच्या आळ्यांत सोडले आहे. पावसाळ्यात गाळ अडवणारी पहिली गाळणी महिन्याभरात चिऱ्याच्या रंगाची होते, तेवढी वेळेवर बदलावी.

क्षारता मोजायला प्लास्टिकचा काटा असलेला हायड्रोमीटर घेऊ नये. काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा चढतो. रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा, पण स्वस्तातले अनेक रिफ्रॅक्टोमीटर मिठाच्या साध्या द्रावणासाठी आखलेले असतात आणि समुद्राच्या पाण्याला दीडेक अंक चुकतात. शून्य टीडीएसच्या पाण्यावर काटा शून्यावर आणून ही चूक सुटत नाही. ३५ चे प्रमाणित द्रावण मिळते, त्यावरच तो लावावा लागतो. माझ्या टाकीचे पहिले तीन महिने मी ३५ समजत होतो ते ३३.५ निघाले.

आता माझी सर्वांत लाजिरवाणी चूक. टाकीखाली संप असला की वरचे पाणी पाझरून खाली येते आणि पंप ते वर ढकलतो. वीज गेली की पंप थांबतो, पण वरच्या नळीचे तोंड पाण्यात जितके खोल असते तितक्या थरातले पाणी सायफनने उलटे खाली येते. माझे तोंड सात सेंटिमीटर बुडलेले होते; ६० गुणिले ४५ गुणिले ७ म्हणजे जवळपास एकोणीस लिटर. संपमध्ये जागा होती बारा लिटरची. पूर्वमोसमी पावसाच्या पहिल्याच गडगडाटाला वीज गेली आणि मी मेणबत्ती घेऊन आलो तेव्हा सात लिटर समुद्र आमच्या लाल कोब्यावरून देवघराच्या उंबऱ्याकडे निघाला होता. आता तोंड दीड सेंटिमीटरवर आहे, खाली येते ते चार लिटर. नळीला छोटे भोक पाडावे किंवा उलटे पाणी अडवणारी झडप लावावी असा सल्ला मिळतो. दोन्ही लावावेत, पण त्यांच्यावर विसंबू नये, कारण भोकात शेवाळ आणि झडपेत वाळूचा कण बसायला निमित्त लागत नाही. टाकी भरल्या दिवशीच मुख्य कळ बंद करून, समोर बसून, पाणी कुठवर चढते ते पाहावे.

त्याच प्रसंगाने विजेची व्यवस्थाही शिकवली. घरात इन्व्हर्टर होता, पण जुना, चौकोनी लहरीचा. त्यावर साधा एसी पंप घूं घूं करत तापतो आणि कमी जोराने फिरतो. साइन वेव्ह इन्व्हर्टर घेतला आणि त्यावर फक्त लाटा करणारा पंधरा वॅटचा डीसी पंप आणि संपचा पंप ठेवले. चिलर त्यावर मुद्दाम ठेवलेला नाही, कारण कंप्रेसर सुरू होताना घेतलेला झटका इन्व्हर्टरला झेपत नाही. १३० लिटर पाणी तापायला वेळ लागतो: भर मेमध्ये तीन तास वीज नव्हती तेव्हा तापमान सव्वा अंशानेच चढले. पाणी हलत राहिले तर मासे तेवढा वेळ काढतात, पाणी थांबले तर काढत नाहीत. डीसी पंपाची दुसरी सोय अशी की त्याचा वेग कमीजास्त करता येतो. लेदर प्रवाळ मंद लाटेत अंग उघडतो आणि थेट मारा झाला की मिटून बसतो. सगळी जोडणी ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या कळीवर, घ्यावी आणि प्रत्येक वायर प्लगच्या आधी खाली लोंबती ठेवावी, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब प्लगमध्ये न जाता खाली गळतो. खारे पाणी आणि वीज यांच्यात हात घालायचा आहे, तिथे हे दोनतीन हजार वाचवणे मला समजत नाही.

उडालेल्या पाण्याची भरपाई करणारे यंत्र, म्हणजे एटीओ, घ्यावेच. उडते ते गोडे पाणी, मीठ मागे राहते. चिलर यायच्या आधी पंखे चालू असताना मेमध्ये दिवसाला तीन लिटर उडायचे आणि क्षारता एका दिवसात पाऊण अंक चढायची. जुलैत एक लिटरही उडत नाही. माझ्या यंत्राचा तरंगता खटका एकदा गोगलगायीने वरून दाबून धरला आणि पंप थांबलाच नाही. साठवणीची बादली मी मुद्दाम दहा लिटरची ठेवली होती म्हणून क्षारता ३२.५ वर थांबली. मोठे पिंप असते तर टाकी गेली होती. खटक्याऐवजी प्रकाशावर चालणारा सेन्सर घ्यावा आणि बादली लहानच ठेवावी.

प्रोटीन स्किमर मी चौथ्या महिन्यात घेतला आणि तो आधी न घेतल्याचे मला दुःख नाही. बारीक बुडबुड्यांना चिकटून घाण फेसाबरोबर वर येते आणि पेल्यात काळपट, वास मारणारा चहा जमतो. पाहायला समाधान वाटते. तीन माशांच्या टाकीत मात्र आठवड्याचे पाणी बदलणे तेच काम करते. घेतलाच तर संपमधली पाण्याची पातळी त्याला मानवणारी हवी, आणि पहिले दहाबारा दिवस तो वेड्यासारखा उतू जातो तेव्हा घाबरू नये. तपासणी संचांत नायट्रेटसाठी सॅलिफर्ट आणि अल्कतेसाठी हॅनाचा छोटा मापक एवढे पुरले. अमोनियाचा संच पहिले पाचसहा आठवडे लागतो, खडकात जीवाणू स्थिरावेपर्यंत, नंतर तो कपाटातच राहतो.

कपाट बाजारचे घेऊ नये. दाबलेल्या भुशाची फळी एका पावसाळ्यात पावासारखी फुगते, आणि वर दीडशे किलो भार असतो. आमच्या मेस्तांनी, म्हणजे सुतारांनी, ७१० प्रतीचे मरीन प्लाय घेतले, कडांना आतूनही रंग दिला आणि बिजागऱ्या ३१६ प्रतीच्या पोलादाच्या लावायला सांगितल्या. एका दारासाठी ३१६ च्या मिळाल्या नाहीत म्हणून साध्या स्टेनलेसच्या लावल्या. आज त्या दाराखाली फरशीवर चहाच्या कपाएवढा तांबूस डाग आहे आणि शेजारच्या दाराखाली काहीच नाही.

राहिला हीटर. यादीत होता म्हणून मी तोही घेतला, दोनशे वॅटचा, चांगल्या बनावटीचा. फोंड्याच्या थंडीत बाहेर वीस अंश असताना पंपांच्या उष्णतेने माझे पाणी २५ च्या खाली गेलेले नाही, त्यामुळे त्याच्या खोक्यावरची चिकटपट्टी अजून उघडलेली नाही. बेळगाव किंवा त्याच्या वरच्या बाजूला, जिथे जानेवारीच्या रात्री खरोखर गार असतात, तिथल्या कोणाला हवा असेल तर मी तो निम्म्या किमतीत द्यायला तयार आहे.